हातात एकच गुण

मुलांनो, पत्ते तुम्हीही खेळत असालच. मे महिन्याच्या सुटीत बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट यांतलं काही ना काही घरोघरी चालतं. माझंही तेवढ्यावरच भागत होतं. आठवीची परीक्षा संपली त्या सुटीत मात्र मला अचानक ब्रिजच्या टेबलावर बसावं लागलं, आणि पहिल्याच महिन्यात मी असा घोळ घातला की तो डाव मला अजून पत्त्यांसकट पाठ आहे.

आम्ही बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला राहायचो. आजोबा तीस वर्षं लोकलने चर्चगेटला नोकरीला गेले. गाडी बोरीवलीहूनच सुटायची. ती फलाटाला लागता लागता उडी मारली की समोरासमोरच्या जागा मिळत. (तुम्ही हे अजिबात करू नका!) गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी, तिच्यावर रुमाल, की चौघांचा ब्रिज सुरू. अंधेरी येईपर्यंत दोन डाव तरी होत. चौघे निवृत्त झाले तरी खेळ सुटला नाही. ब्रीफकेसच्या जागी आमच्या गॅलरीतलं घडीचं टेबल आलं, एवढंच.

त्या वर्षी होळीच्या सुमारास आजोबांचे भिडू गेले. गाडीतल्या पहिल्या दिवसापासून समोर बसणारे भिडू! त्यानंतर दोन महिने ते टेबल भिंतीला टेकून उभं होतं. बाकीचे दोघे काका रविवारी यायचे, चहा घ्यायचे, पेन्शनचं बोलायचे आणि जायचे. ब्रिज तिघांत होत नाही. मग एका रविवारी आजोबांनी टेबल उघडलं आणि मला म्हणाले, "चिमे, बस इथं."

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बाबा, जूनपासून नववी आहे तिची. पत्ते कसले शिकवताय?"

"पत्ते नाही गं, हिशेब शिकवतोय."

आईला ते पटलं नव्हतंच. पण भिंतीला टेकलेलं टेबल तीही दोन महिने बघत होती. पुढे काही बोलली नाही.

आता थोडं खेळाविषयी सांगते, नाहीतर माझा घोळ कळायचा नाही. प्रत्येकाला १३ पत्ते. समोरासमोरचे दोघे भिडू. आधी बोली होते : कुठला हुकूम आणि किती हात करणार? 'एक' म्हणजे सहावर एक, सात हात. हुकूमच नको असेल तर 'नोट्रम्प' म्हणायचं. एक्क्याचे ४ गुण, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. गड्डीत सगळे मिळून ४०. आणि बोलीत शब्द किती? एक ते सात हे आकडे, चार रंग, नोट्रम्प, पास, डबल, रिडबल. पंधरा शब्द! बाकी तोंडातून अक्षर काढायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. भिडूला खूण करणं ही लबाडी. म्हणून माझी पाळी आली की आजोबा मान वर करून पंख्याकडे बघत बसायचे, मला त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून.

तर त्या दिवशी आजोबा म्हणाले, "एक नोट्रम्प." आमच्या टेबलावर याचा अर्थ ठरलेला होता : हातात १५ ते १७ गुण आणि चारी रंग सारखेसे वाटलेले.

मी माझे पत्ते पाहिले. इस्पिकचा गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, दुर्री. बाकी सगळा चिल्लर माल : दोन बदाम, तीन चौकट, दोन किलवर. गुण मोजले. एक. पुन्हा मोजले. एकच! मनात म्हटलं, आपल्याकडे काही नाही तर बोलायचं कशाला? मोठ्यांचं चाललंय ते चालू द्यावं. मी म्हटलं, "पास."

डाव आजोबांचा, म्हणजे मी डमी. माझे पत्ते टेबलावर उघडे. डावीकडच्या काकांनी किलवर उतारलं आणि पहिले चारही हात किलवरचेच गेले. आजोबांकडे इस्पिकचे दोनच पत्ते होते, एक्का आणि पंजी. ते संपल्यावर माझ्या पत्त्यांपर्यंत पोचायला वाटच उरली नाही. माझी सहा इस्पिकं रांगेत उताणी पडून राहिली आणि एकेक करून फुकट गेली. आजोबांना हात झाले पाच. हवे होते सात. माझे कान तापले होते. काका काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण जुन्या भिडूंना ते मोठ्यानं चिडवायचे.

रात्री जेवणं झाल्यावर आजोबांनी तोच डाव पुन्हा मांडला. चौघांचेही पत्ते त्यांना पाठ! म्हणाले, "आता इस्पिक हुकूम धर आणि खेळून बघ." मी खेळले. तिसरं किलवर आलं तेव्हा हुकूम मारून डमीत शिरता आलं. इस्पिकचा राजा आणि राणी गेली खरी, पण तेवढी दोघं गेल्यावर माझे उरलेले बारके पत्तेसुद्धा हात मारायला लागले. इस्पिकचे चार, बदामाचे तीन, चौकटचा एक. आठ हात!

"माझे पत्ते वाईट होते म्हणून मी गप्प बसले," मी म्हटलं.

"वाईट होते हे तुला ठाऊक. मला कुठं ठाऊक होतं?" आजोबा म्हणाले. "एक नोट्रम्प म्हटलं की माझं सगळं सांगून झालं. तुला माझे पत्ते जवळजवळ दिसताहेत, मला तुझा एकही नाही. मग ठरवायचं कुणी?"

खरं सांगते, मला तोवर वाटायचं की ज्याच्याकडे एक्के-राजे तोच ठरवणार. इथं उलटंच होतं. आठ-नऊ गुण असले तर 'दोन नोट्रम्प' म्हणून भिडूला विचारायचं, दहा असले तर सरळ तीन गाठायचे, हे मला आधीच शिकवलेलं होतं. रिकाम्या हाताचं उत्तर मात्र मी मनावर घेतलं नव्हतं. पास हेही उत्तरच आहे, पण पत्ते बघून दिलेलं हवं. मी ते गुण बघून दिलं होतं.

आणि उत्तर द्यायची रीतही गमतीची. इस्पिक हवं असेल तर 'दोन बदाम' म्हणायचं! मग भिडू स्वतः 'दोन इस्पिक' म्हणतो आणि डाव त्याचा होतो. त्याचे मोठे पत्ते झाकलेले राहतात, उघडे पडतात ते आपले दुर्री-तिर्री. तसंच बदाम हवं असेल तर 'दोन चौकट'. ओसवाल्ड जेकबी या अमेरिकन खेळाडूने १९५६ मध्ये यावर लेख लिहिला, म्हणून ही रीत त्याच्या नावाने चालते. 'दोन किलवर' म्हणून भिडूकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का ते विचारायचं, ही स्टेमनची रीत. सॅम स्टेमनने ती १९४५ मध्ये छापली. कल्पना मात्र त्याचा भिडू जॉर्ज रपे याची. नाव लेख लिहिणाऱ्याचं झालं. बिचारा भिडू!

तीन-चार रविवार गेले. आजोबा पुन्हा म्हणाले, "एक नोट्रम्प." माझ्याकडे बदामाचे पाच बारके पत्ते आणि गुण शून्य. आजोबा पंख्याकडे बघत होते. पोटात गोळा आला, तरी म्हटलं, "दोन चौकट." "दोन बदाम," आजोबा म्हणाले. मी पास. डाव एका हाताने बुडालाच. पण आजोबा खुशीत! "एकच गेला! नोट्रम्पला तीन गेले असते," असं काकांना दोनदा सांगितलं. मग पत्ते माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पीस, भिडू." चिमे नाही. भिडू.

२०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला, आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी मिळवलं. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. आजोबा तोवर नव्हते. ती बातमी आईने कापून घडीच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

त्या टेबलावर आता माझा मुलगा माझ्यासमोर बसतो. मागच्या रविवारी मी म्हटलं, "एक नोट्रम्प." त्याने पत्ते मोजले. पुन्हा मोजले. मी पंख्याकडे बघत बसले.