बेस कोटचा दाणा

सर्फबोर्डला वॅक्स लावायचं ते पाय चिकटावा म्हणून, ही समजूत अर्धीच खरी आहे. फायबरग्लासवर पाय सटकतो तो तळव्याखाली अडकलेल्या पाण्यामुळे. त्या पाण्याला निघून जायला वाट हवी आणि ती देतात बेस कोटचे कडक, उठलेले दाणे. टॉप कोट त्या दाण्यांना चिकटपणा आणतो, एवढंच. दाणाच नसेल तर टॉप कोटची वडी कितीही घासा, नुसता लपका होतो. नारळाचा वास असलेलं वॅक्स आवर्जून शोधणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. ते नाकाने मेण निवडतात.

वडीवर छापलेलं तापमान पाण्याचं असतं. थंड पाण्याला मऊ मेण, उष्ण पाण्याला कडक. इतकं, की थंड समुद्रातले बरेच सर्फर ज्या ट्रॉपिकल वडीचा बेस कोट करतात, ती आपल्याकडे टॉप कोट ठरते. गोव्यापासून मुल्कीपर्यंत पाणी बहुतेक काळ २७ ते ३० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे ट्रॉपिकलला पर्याय नाही. तरीही पाय घसरतो, कारण मेण बिघडतं ते वाळूवर. उन्हात ठेवलेला बोर्ड पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि दाणे बसतात. मेणाची बाजू वर ठेवली तर ती पाघळते, खाली ठेवली तर वाळू चिकटते, आणि आपल्या किनाऱ्यावर सावली शोधायची म्हणजे माडापर्यंत चालत जायचं. या त्रांगड्यातून पूर्ण सुटका करणारं मेण माझ्या पाहण्यात नाही. कडक बेस कोट सगळ्यात उशिरा हार मानतो, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने.

जाड थर द्या, असं कोणी म्हणेल. पण जाड थर तापला की सगळाच सरकतो. दाणा उठतो तो हलक्या हाताने, वडीची कड तिरकी धरून. पॅड लावा म्हणणाऱ्यांचंही खरं, पण पॅड बहुधा मागच्या पायापुरतं असतं आणि लाँगबोर्डवर तर माणूस टोकापर्यंत चालत जातो. खरा बदल आणला तो सर्फ स्कूलच्या फोमच्या बोर्डांनी. त्यांना सहसा वॅक्स लागतच नाही. नवशिक्यासाठी ते सुरक्षित आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र त्यावर शिकलेला विद्यार्थी कडक बोर्डाकडे वळतो तेव्हा त्याच्या हाताला मेणाची ओळखच नसते. तो भांडं घासल्यासारखा जोर लावतो. माझ्या या तक्रारीत अहंकारही आहे. एकसारखे दाणे उठलेला बोर्ड मला लाटेइतकाच देखणा वाटतो, आणि तो चारचौघांना दिसावा म्हणून उताणा ठेवायचा मोह होतो, तोही नेमका उन्हात.

दाणे बसलेल्या बोर्डावर टॉप कोटची पुटं चढवत राहू नका. सगळं खरवडा, बोर्ड सावलीत गार होऊ द्या आणि बेस कोटपासून पुन्हा सुरुवात करा. खरवडलेलं मेण मात्र वाळूत पुरू नका. त्यातलं पॅराफिन खनिज तेलापासूनच आलेलं असतं.