कान आणि जबडा यांचा शेजार

वृद्धपणाच्या तक्रारी छापून आणण्याची आम्हांस हौस नाहीं. वाचकांच्या घरोघरीं त्या तोंडपाठ असतात. परंतु एका दुखण्यापायीं आमच्या हातून घरांत एक अन्याय घडला. तो कबूल केल्यावांचून मनास स्वस्थता नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या मार्गशीर्षांत, सावर्ड्यास घरीं असतांना, आमचा डावा कान ठणकूं लागला. कानांत दडा बसे. सुपारी चघळतांना कट्‌कट् आवाज येई. आमचे तीर्थरूप उतारवयांत ठार बहिरे झाले होते. तोच वारसा आपणांकडे आला, असें आम्हीं ठरवून टाकलें. जन्मभर मुलांचे उच्चार ऐकून सुधारणाऱ्या मास्तरास याहून मोठी धास्ती कोणती? हाकेच्या अंतरावर डेरवणास मोठें रुग्णालय असतांही आम्ही लसणीच्या तेलावर विसंबून राहिलों. पुढें पुढें सूनबाई मुद्दाम हळू बोलतात असा संशय येऊं लागला, आणि एके दिवशीं पाहुण्यांदेखत आम्ही त्यांस नाहीं नाहीं तें बोललों. त्यांनीं उलट उत्तर केलें नाहीं. चार दिवसांनीं एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, जेवतांना आणि सुपारी खातांनाच आपला हात कानाशीं जातो. एरवीं नाहीं."

चिरंजीवांनीं आम्हांस चिपळुणास दंतवैद्यांकडे नेलें. त्यांनीं दोन्ही कानांपुढें बोटें ठेवून आम्हांस तोंड उघडावयास सांगितलें, आणि दुखणें कानाचें नसून जबड्याच्या सांध्याचें आहे, असा निर्वाळा दिला. उजव्या दाढा गेल्यापासून आम्ही सारें चर्वण डावीकडूनच उरकीत होतों.

मध्यकर्णांत हातोडी, ऐरण व रिकीब अशीं तीन चिमुकलीं हाडें असतात, हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविलें. परंतु हातोडीपासून निघालेले बारीक बंध कवटीच्या एका अरुंद फटींतून जबड्याकडे जातात, हें मात्र या वयांत कळलें. त्यांपैकीं एक बंध सांध्यांतील चकतीस मिळतो. पिंटो यांनीं १९६२ सालीं त्याचें वर्णन केल्यामुळें तो त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

या शेजाराचा इतिहास फार जुना आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत ज्या दोन हाडांनीं जबड्याचा सांधा बनतो, तींच सस्तन प्राण्यांत हातोडी व ऐरण झालीं, हें जर्मन शास्त्रज्ञ राइखर्ट यांनीं १८३७ सालीं दाखविलें. गर्भावस्थेंत खालच्या जबड्यापासून मध्यकर्णापर्यंत कूर्चेची एक अखंड दांडी असते. तिचें मागचें टोंक हातोडी होतें, पुढें मधला भाग विरतो आणि बंध तेवढे उरतात. चीनमध्यें सांपडलेल्या, सुमारें १२ कोटि वर्षांपूर्वींच्या लिआओकोनोडॉन नामक सस्तनाच्या अवशेषांत ही दांडी हाडासारखी टणक होऊन टिकलेली आहे. तें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या कोंकणांतल्या फुरशास बाहेर दिसणारा कान नाहीं. पण जमिनीची थरथर त्याच्या आंतल्या कानास जबड्याच्या हाडांवाटेंच पोंचते.

सुश्रुतानें कानाच्या मागें, खालच्या अंगास, विधुर नांवाचें मर्म सांगितलें आहे. त्यावर आघात झाल्यास बहिरेपण येतें. तें त्यानें स्नायुमर्मांत गणिलें, आणि तेथें स्नायु म्हणजे मांस नव्हे, बंध. एवढ्यावरून हे सूक्ष्म तंतु प्राचीनांस ठाऊक होते, असें म्हणण्याचा मोह आम्हीं आवरला. आमची कानदुखी या बंधामुळेंच झाली, असें दंतवैद्यही म्हणाले नाहींत. या बंधाचें दुखण्याशीं नातें किती, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. जबड्याचा सांधा व कानाचा कांहीं भाग यांस एकच मज्जातंतु पोंचतो, म्हणून वेदनेचा पत्ता चुकतो, एवढें मात्र निश्चित. वाचकांनीं करंगळी हलकेच कानांत ठेवून तोंड उघडून मिटून पाहावें. जबडा किती जवळ हालतो तें समजेल.

सुपारी सुटली, कवळी बसली, ठणका दोन महिन्यांत गेला. श्रवणपरीक्षेंत मात्र दोन्ही कानांनीं कांहींसें कमी ऐकूं येतें, असें निघालें. म्हणजे उणीव आमच्या कानांत होती आणि शिक्षा सूनबाईंस झाली. ज्या पाहुण्यांदेखत त्यांस बोललों होतों, ते पुन्हां आले तेव्हां त्यांच्याच समक्ष आम्हीं क्षमा मागितली. सूनबाईंनीं मान खालीं घातली आणि पानें वाढावयास घेतलीं. आतां शब्द नीट कळला नाहीं, तर 'पुन्हां एकदां सांगा' असें आम्ही म्हणतों. जन्मभर हें वाक्य आम्हीं मुलांस आज्ञा म्हणून ऐकविलें. विनंती म्हणून उच्चारावयास साठी उलटावी लागली.