अकरा नावांची वाडी

दिवेआगर, १० ऑगस्ट २०२१
बँकेत जाऊन आलो. दोन खोल्यांना जोडून आणखी दोन बांधायच्या, एवढंच मागणं. साहेबांनी सातबारा समोर धरून बोटाने नावं मोजली. अकरा. मुद्रा कर्जाला दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे मी वाचून गेलो होतो. तेही नाही म्हणाले नाहीत. पण जागा सामाईक, तेव्हा सगळ्यांची संमती आणा, शंभराच्या स्टँपवर.

१२ ऑगस्ट
गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने आमची बहुतेक सुपारी आडवी केली. भरपाई सुपारीच्या झाडामागे ५० रुपये, नारळामागे २५०. नवं रोप धरायला सहा-सात वर्षं. तोवर चूल पेटायची ती पाहुण्यांच्या खोल्यांवरच.

१३ ऑगस्ट
जुने फेरफार काढून पडवीत बसलो. आजोबा कूळ. १ एप्रिल १९५७ ला, कूळकायद्याने, कसणारा मालक ठरला आणि उताऱ्यावर त्यांचं नाव चढलं. त्याच्या कितीतरी आधी, १९३३ पासून सहा वर्षं, अलिबागेकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभं राहून खोतांविरुद्ध संप चालवला, जमिनी ओस ठेवल्या. एका नावासाठी केवढा तो काळ! आता त्या एकाची अकरा झालीत. त्यातले दोघे वारलेत; वारस लागले की पंधरा.

२५ ऑगस्ट
एक दलाल आला. वाडी समुद्राला लागून, म्हणून डोळे चमकले. आईने चहा टाकला. नावं किती, विचारलं. आकडा ऐकला आणि अर्धा कप तसाच ठेवून उठला. शेजारची एकाच नावाची वाडी मागच्या मार्चमध्ये गेली. तिथे आता चिऱ्याची भिंत आहे. बँकेवरचा माझा राग आज थोडा निवला.

१२ सप्टेंबर
गौरी आल्या. मुंबईची माणसंही. संमतीचा कागद देवघरात, अक्षतांच्या वाटीखाली. दिवसभर कोणी विषय काढला नाही, मीही नाही. रात्री आत्याच म्हणाली, "आण इकडे. खोल्या बांधायला सही देते. हक्कसोड मात्र मागू नकोस हो, माहेरचं एवढंच राहिलंय."

१४ सप्टेंबर
गणपती पोचवले. सह्या सात. धाकटे काका पहाटेच्या गाडीने न बोलता गेले. चुलतभाऊ विचारतो, नव्या खोल्यांत मे महिन्यात आम्हाला जागा ठेवशील ना? मे महिनाच तर आमचा हंगाम! हो म्हणालो.