अपिलाची परवानगी

कामगार न्यायालयाचा निकाल विरोधात गेला की सरकारी मंडळात किंवा महामंडळात पहिली टिपणी लिहिली जाते ती अपिलाच्या परवानगीची. अशा टिपण्या माझ्यासमोर बऱ्याच आल्या आहेत. त्यांतील शब्द खात्यागणिक फारसे बदलत नाहीत. चुकीचा पायंडा पडेल, आर्थिक भार वाढेल, सबब वरच्या न्यायालयात जाण्यास मान्यता असावी. मग नस्ती (आमच्या बंगळूरात तिला 'कडत' म्हणतात) विधी विभागाकडे जाते आणि बहुधा होकार घेऊनच परतते.

वस्तुतः १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार न्यायालयाच्या निवाड्यावर अपिलाची तरतूदच नव्हती. म्हणून हरलेला पक्ष राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करी आणि तेथेही हरल्यास अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची विशेष अनुमती मागे. म्हणजे सरकारी मालकाला परवानगी दोनदा लागते, एकदा स्वतःच्या कचेरीत आणि एकदा दिल्लीत. दिल्लीची मिळणे कठीण. कचेरीतली मात्र सहज मिळते, कारण 'अपील करू नये' असे लिहिणाऱ्याला उद्या खुलासा मागितला जाईल ही धास्ती असते. अपील करून हरलेल्याला सहसा कोणी काही विचारीत नाही.

या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध खटला बंगळूरचाच आहे. येथील पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने काही कर्मचाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल दंड करून ती रक्कम वसूल केली. आपले म्हणणे नीट ऐकून न घेता दंड केला, अशी तक्रार घेऊन कर्मचारी कामगार न्यायालयात गेले. तो १९७२ चा दावा अर्ज क्रमांक ५. मंडळाने दंडाची बाजू मांडण्याआधीच हरकत घेतली की, नागरिकांना मूलभूत सोयी पुरवणे हे राजसत्तेचे कार्य आहे. सबब आम्ही 'उद्योग' नाही, हे लोक 'कामगार' नाहीत आणि या न्यायालयाला अधिकारच नाही. हरकत फेटाळली गेली. १९७३ मध्ये मंडळाने उच्च न्यायालयात दोन रिट याचिका केल्या, त्याही फेटाळल्या गेल्या. मग विशेष अनुमतीने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि अखेर सात न्यायाधीशांपुढे आले.

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी निकाल लागला. न्या. कृष्ण अय्यर यांनी 'उद्योगा'ची व्याख्या इतकी विस्तृत केली की मंडळच काय, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि कित्येक धर्मादाय संस्थाही तिच्यात आल्या. पाच विरुद्ध दोन असा कौल पडला. (पीठावर यशवंत चंद्रचूड आणि तुळजापूरकर ही दोन मराठी नावे होती, आणि ती परस्परविरुद्ध बाजूंना!) एका मंडळाने कामगार कायद्यातून सुटण्यासाठी मागितलेल्या परवानगीने देशभरच्या असंख्य संस्थांना त्या कायद्याखाली आणले. 'पायंडा पडेल' हे टिपणीतले वाक्य असेही खरे ठरते.

पुढे १९८२ मध्ये संसदेने ही व्याख्या आकुंचित करणारी दुरुस्ती केली, पण ती व्याख्या कधी अमलात आली नाही. २०१७ मध्ये प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि जुना कायदा गेला. कायदा बदलला, टिपणीचा मसुदा बदलेल असे काही मला वाटत नाही.

माझा आग्रह एवढाच असतो की, परवानगीच्या प्रस्तावात दोन गोष्टी लिहाव्यात. पहिली म्हणजे खर्च. केवळ वकिलांच्या शुल्काचा नव्हे. कामावर परत घेण्याच्या आदेशाला वर आव्हान दिले तर दरम्यानच्या काळात बेकार असलेल्या कामगाराला शेवटचा पगार देत राहावा, असे जुन्या कायद्याचे कलम १७-ब सांगत होते. ती रक्कम टिपणीत मांडलेली मी क्वचितच पाहिली. दुसरी म्हणजे मूळ तक्रार. ती खरी की खोटी, याबद्दल कार्यालयाचे स्वतःचे मत काय, ते एका परिच्छेदात यावे. अधिकारक्षेत्राचा मुद्दा भक्कम असला की हा परिच्छेद गाळण्याकडे सर्वांचा कल असतो.

बंगळूरच्या त्या कर्मचाऱ्यांना केलेला दंड रास्त होता की नाही, हे कोणी सात न्यायाधीशांच्या निकालपत्रात शोधू नये. तो प्रश्न तेथे नव्हताच. तो कामगार न्यायालयात, अर्ज क्रमांक ५ मध्ये, तपासला जायचा होता.