पुसण्याआधी ऐकून पाहा

तुमच्या घरी एखादा जुना संगणक आहे का? कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेला, आणि सुरू व्हायला इतका वेळ घेणारा, की तेवढ्यात चहा उकळून गाळूनही होतो? असेल तर त्याला भंगारवाल्याकडे पाठवू नका, निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी! १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबली, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांना झेपत नाही. त्यामुळे कितीतरी चांगले, चालते संगणक माळ्यावर जाऊन बसले. त्यातल्या पुष्कळांना लिनक्स घालून पुन्हा कामाला लावता येतं. मी असे चार-पाच संगणक उठवून बसवले आहेत. त्यातल्या एकाची हकीगत तुम्हाला सांगणार आहे, पण त्याआधी थोडी ओळख करून देतो.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने स्वतःच्या संगणकासाठी एका प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांना खुला करून टाकला. कुणीही वापरा, उघडून पाहा, सुधारा! तोच लिनक्स. ‘आमच्याकडे नाही बुवा लिनक्स,’ असं म्हणू नका हं. आईबाबांच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा आहे. केरळातल्या सरकारी शाळांचे संगणक लिनक्सवर चालतात. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी या चिमुकल्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होता.

या गाभ्याभोवती निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे संच तयार केले आहेत: डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट. नवशिक्याने त्यांची नावं पाठ करत बसू नये. मी सरळ ‘लिनक्स मिंट’ घ्या असं सांगतो. दिसायला ओळखीचा, आणि चार जीबी मेमरीच्या यंत्रावरही बरा चालतो. यंत्र फारच म्हातारं असेल तर त्यातली ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती घ्यावी.

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची असते. ती त्यांच्या अधिकृत जागेवरूनच उतरवायची आणि उतरवल्यावर तिचा ‘ठसा’ जुळवायचा. ठसा म्हणजे काय? संगणक संपूर्ण फाइल वाचून, गणित करून, चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ काढतो. फाइलमध्ये एक कानामात्रा जरी इकडची तिकडे झाली, तरी अख्खी ओळ बदलते. तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? तर ऐका. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्याच संकेतस्थळावर चोर शिरले आणि त्यांनी खऱ्या फाइलऐवजी चोरदरवाजा ठेवलेली फाइल लोकांना वाटली. ज्यांनी ठसा खऱ्या ठशाशी ताडून पाहिला, त्यांच्या लक्षात ही चोरी येणं शक्य होतं. (आईबाबांसाठी: जिथे फाइल बदलता येते तिथे शेजारी लिहिलेला ठसाही बदलता येतो. म्हणून ठशावरची डिजिटल स्वाक्षरीही तपासायची असते. ती कशी तपासायची, ते मिंटच्या माहितीपुस्तकात पायरीपायरीने दिलेलं आहे.)

ही फाइल ‘एचर’सारख्या मोफत प्रोग्रामने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवायची. त्या पेनड्राइव्हवर आधी असेल ते सगळं पुसलं जातं, बरं का! मग पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा आणि सुरुवातीलाच एफ१२, एफ२ किंवा एस्केप अशी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून ‘पेनड्राइव्हवरून सुरू हो’ असं सांगायचं. गंमत अशी, की आता लिनक्स चालू आहे, पण आतल्या डिस्कला त्याने हातही लावलेला नाही. आवाज येतो का, वायफाय लागतं का, पडदा नीट दिसतो का, हे सगळं इथेच पाहून घ्यावं. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढला की झालं, संगणक जसा होता तसा.

आता ती हकीगत.

कराडच्या आमच्या घरी आईचा लॅपटॉप होता, २०१३ साली घेतलेला. आईला गोष्टींचं वेड. तिच्या आजोळच्या, नदीच्या पुराच्या, भुताखेताच्या आणि एका अतिशय लबाड म्हशीच्या गोष्टी ती त्या लॅपटॉपसमोर बसून स्वतःच्या आवाजात भरून ठेवायची. एकंदर एकेचाळीस गोष्टी. आई आता नाही. लॅपटॉप होता, पण तो कण्हतकुंथत चालायचा. मे महिन्याच्या सुटीत सांगलीहून माझी भाची आली, आठवीतली. ‘मामा, याच्यावर लिनक्स टाकू या,’ म्हणून तिने हट्टच धरला.

मी म्हटलं, टाकू, पण आधी प्रत. लिनक्स बसवताना एक टप्पा असा येतो, की डिस्क पूर्ण पुसायची का, असं यंत्र विचारतं. तिथे ‘हो’ म्हटलं की मागचं सगळं गेलं. भाचीकडे वाढदिवसाला भेट मिळालेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह होता. तिने त्यावर आधी घरातले सगळे फोटो घेतले, मग आजीच्या गोष्टी. यादी उघडून मोजल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस! प्रत्येकीचा आकारही मूळ फाइलइतकाच. तिने लगेच पहिल्या दोन-तीन लावून पाहिल्या. आजीचा आवाज खणखणीत.

“झालं मामा, आता पुसू या?”

“अजून नाही. पेनड्राइव्ह रीतसर बाहेर काढ, माझ्या संगणकाला लाव आणि शेवटची गोष्ट ऐकव.”

असं का सांगितलं? लिनक्स कामाचा मोठा हुशार आहे. फाइल पेनड्राइव्हवर पुरती लिहून होण्याआधीच तो ‘झालं’ म्हणतो आणि उरलेलं मागाहून लिहीत बसतो. लगेच फाइल उघडली तर ती कित्येकदा पेनड्राइव्हवरून येतच नाही, मेमरीत शिल्लक असलेली प्रत वाजते. म्हणून ‘इजेक्ट’ करायचं, थांबायचं, आणि मग दुसऱ्या यंत्राला लावून पाहायचं.

शेवटची गोष्ट लागली नाही. चाळिसावीही नाही. भाचीने मागे मागे येत एकेक लावून पाहिली. चोविसावीपर्यंत आवाज होता, पंचविसावीपासून पुढे काही नाही. सतरा गोष्टी नुसत्या नावाला होत्या. त्या लबाड म्हशीची त्यातलीच. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

घाबरू नका, मूळ लॅपटॉप अजून तसाच होता. पण अर्ध्या तासापूर्वी ‘हो’ म्हटलं असतं तर?

पेनड्राइव्ह फसवा निघाला. असे पेनड्राइव्ह बाजारात खरोखर असतात. वर ६४ जीबी छापलेलं, संगणकालाही तो ६४ च सांगतो, आत जागा मात्र सात-आठ जीबीची. वहीच्या पुठ्ठ्यावर ‘दोनशे पानी’ लिहावं आणि आत चाळीसच पानं निघावीत, तसं. फाइलींची नावं आणि आकार यांची अनुक्रमणिका पहिल्या पानांवर असते, म्हणून यादी अगदी बरोबर दिसते. पुढची पानंच नसतात. लिनक्समध्ये हे पकडायला ‘एफ३’ नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो पेनड्राइव्हची मोकळी जागा ठरावीक फाइलींनी भरतो आणि त्या परत वाचून किती टिकल्या ते सांगतो. नवा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच ही परीक्षा घ्यावी. वेळ लागतो, पण आपण तेवढ्यात जेवून येऊ शकतो.

मग आम्ही एक बाहेरची हार्डडिस्क आणि माझा संगणक अशा दोन ठिकाणी प्रती घेतल्या आणि एकेचाळीस गोष्टींचे ठसे मुळाशी ताडून पाहिले. सगळे जुळले. हो, मघाचीच युक्ती, ती स्वतःच्या फाइलींनाही लागू पडते. पण ठसे जुळले तरी भाचीला चैन पडेना. तिने गोष्टी ऐकायला घेतल्या, आणि तो दिवस आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही.

लिनक्स बसवणं हे त्यामानाने अगदीच सोपं, पाऊण तासाचं काम. भाषा, वेळ, नाव, पासवर्ड, संपलं. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, ते जोडून घ्या. फाइलींना देवनागरीत नावं देता येतात. फक्त एकच: लिनक्सवर नाव २५५ बाइटांत मावावं लागतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजायची. म्हणजे सुमारे ८५ चिन्हं झाली. आमच्या आईने एका गोष्टीला दिलेलं नाव याहून थोडंसंच लहान होतं!

काही बदलायला गेलात की लिनक्स पासवर्ड विचारेल. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, तो टाइप करताना लिनक्सच्या काही संचांत पडद्यावर काहीच उमटत नाही. टिंबंसुद्धा नाहीत. (मिंटमध्ये सहसा चांदण्या दिसतात.) कीबोर्ड बिघडला असं समजून घरभर ओरडू नका. मागे उभ्या असलेल्याला अक्षरं किती ते कळू नये, म्हणून तशी सोय केलेली आहे. शेवटी एंटर दाबा. या पासवर्डने ‘सुडो’ ही आज्ञा चालते आणि मग संगणक तुमचं काहीही ऐकतो, अगदी स्वतःला मोडून टाकायला सांगितलंत तरी. म्हणून कुणी पाठवलेली आज्ञा तिचा अर्थ कळल्याशिवाय तिथे चिकटवायची नाही, पाठवणारा वर्गातला पहिला नंबर असला तरीही. नवे प्रोग्राम मिंटच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावेत. खालच्या पट्टीवर ढालीचं चिन्ह दिसतं, ते दुरुस्त्या आल्या की सांगतं. आठवड्यातून एकदा तिच्याकडे लक्ष द्या. मेन्यूमध्ये फायरवॉल आहे, ती एकदा सुरू करून ठेवा. घरच्या संगणकाला एवढ्याने पुष्कळ काम भागतं.

आता पुन्हा प्रतींकडे येतो, कारण इथे मोठी माणसंही फसतात. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ असतं. ते एकदा लावून दिलं की ठरलेल्या वेळी आपोआप चालतं आणि लोक निर्धास्त होतात. पण टाइमशिफ्ट जपतं ती प्रणाली. एखाद्या दुरुस्तीने संगणक बिघडला तर त्याला कालच्या स्थितीत नेणं हे त्याचं काम. तुमचे फोटो, निबंध, आजीच्या गोष्टी त्यात नसतात. आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय ते घरच्या फोल्डरला हात लावत नाही. तेव्हा स्वतःच्या फाइलींसाठी दुसरी सोय हवीच.

दुसरी फसगत आरशाची. ‘इकडे जे आहे तेच तिकडे ठेव’ अशी सोय केली, तर इकडची फाइल चुकून पुसली की तिकडचीही पुसली जाते. म्हणून जुन्या तारखांच्या प्रतीही शिल्लक राहिल्या पाहिजेत. ‘बॅक इन टाइम’ नावाचा प्रोग्राम हे छान करतो. न बदललेल्या फाइली तो पुन्हा साठवत नाही, त्यामुळे महिनाभराच्या प्रतींनीही डिस्क लगेच भरत नाही. आणि प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच विजेच्या धक्क्यात सापडते.

‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. तो १९९९ साली आला, पण जवळजवळ येणारच नव्हता! १९९८ मध्ये पिक्सारच्या संगणकावर कुणाकडून तरी पुसण्याची आज्ञा भलत्याच जागी दिली गेली. इंग्रजी आर आणि एम, दोन अक्षरांची आज्ञा. लिनक्समध्येही ती आहे, आणि ती कचरापेटीत वगैरे काही ठेवत नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत पात्रं नाहीशी होऊ लागली. यंत्राची वायर उपटेपर्यंत सिनेमाचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग गेला होता. बॅकअप होते की! पण परत आणायला गेले तेव्हा कळलं, की ते कित्येक दिवसांपासून नीट घेतलेच जात नव्हते. कुणी उघडून पाहिलं नव्हतं. शेवटी गॅलिन सस्मन या तंत्रज्ञ बाईंना आठवलं, की बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करतात आणि त्यांच्या घरच्या संगणकावर सिनेमाची प्रत आहे. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आणला गेला. (पुढे त्या सिनेमाची कथाच बरीचशी नव्याने लिहिली, तो भाग वेगळा.)

आमच्या घरी आता भाचीने नियम केला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत घ्यायची, आणि डोळे मिटून बोट ठेवलेली एक फाइल त्या प्रतीतून उघडून पाहायची. एक हार्डडिस्क कराडला असते, दुसरी सांगलीला ताईकडे. दिवाळीत आणि मे महिन्यात त्यांची अदलाबदल होते. दोन्ही डिस्क कुलूपबंद आहेत, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला काही वाचता येत नाही. पण हा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही, म्हणून तो कागदावर लिहून ताईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. डिस्क मात्र त्या कपाटात नाही, ती वेगळ्या खोलीत, एका स्टीलच्या डब्यात. त्याच डब्यात मिंटचा पेनड्राइव्हही आहे, कारण ताईच्या घरच्या विंडोजला ही डिस्क सहजासहजी वाचता येत नाही, आणि तो पेनड्राइव्ह लावून शेजाऱ्यांच्या संगणकावरही ती उघडता येईल.