मोरपंखीची तहान

बेळगाव-निपाणी भागातील पुष्कळ जुन्या घरांच्या अंगणात मोरपंखी दिसते. विद्या येते म्हणून तिची डहाळी पुस्तकात ठेवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाळली असेल. बंगल्यांपुढे तिच्या जोडीला कधी अरौकारिया, म्हणजे आपला ‘ख्रिसमस ट्री’, उभा असतो. दोन्ही झाडे सूचिपर्णी वर्गातली आणि दोन्ही परदेशातून आलेली.

पाणी कमी पडले की तंबाखूचे रुंद पान भर दुपारी मान टाकते आणि निपाणीचा शेतकरी काय ते समजतो. सूचिपर्णी झाडे असे काही दाखवीत नाहीत. त्यांची पाने ताठ, मेणचट. तहानेचा सारा कारभार चालतो तो पर्णरंध्रांत. रंध्र उघडे असले की कार्बन डायऑक्साइड आत येतो, अन्न तयार होते. पण त्याच वाटेने वाफ बाहेर जाते. रंध्र मिटले तर पाणी वाचते, मात्र उपासमार सुरू होते.

या पेचातून सूचिपर्णींनी दोन वाटा काढल्या, असे टिमोथी ब्रॉड्रिब आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवून दिले. अरौकारिया आणि पाइन यांच्या कुळांत अवर्षणात अॅब्सिसिक आम्ल वाढत जाते आणि ते रंध्रे घट्ट मिटवून ठेवते. मोरपंखी ज्या सायप्रस कुळातली, त्या कुळातील कोरड्या प्रदेशांतल्या अनेक जातींत हे आम्ल आधी वाढते, मग ओसरते. पुढे पानांचा कोरडेपणाच रंध्रे मिटवितो. कोरडेपणाचा ताण सोसणारे चिवट काष्ठ, हा त्यांचा आधार.

पण मिटलेल्या रंध्रांनीही गळती पूर्ण थांबत नाही. त्वचेतून थोडे पाणी जातच राहते. ताण फार वाढला की काष्ठातील पाण्याच्या धाग्यांत हवा शिरते आणि ते तुटतात. पान तपकिरी होते ते त्यानंतर. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, विहिरी तळ गाठू लागल्या की, वडीलधाऱ्यांनी लावलेल्या मोरपंखीचा हिरवेपणा पाहून निर्धास्त राहू नये. बोटभर माती उकरून पाहावी. ती कोरडी लागली तर त्याच संध्याकाळी बुंध्याभोवतीच्या आळ्यात पाणी घालावे आणि वर पालापाचोळा पसरावा.