फाइल उघडण्यापूर्वी

मी सांगलीत राहते आणि घरीच बसून मुद्रितशोधनाचं काम करते. दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, कुणाचं आत्मचरित्र, एखाद्या शाळेचं वार्षिक. गणपती बसले की कामाला जोर चढतो तो अंक छपाईला जाईपर्यंत उतरत नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक लेख फाइलीच्या रूपात येतो, आणि ती फाइल दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच संगणकावर तयार केलेली असते. ‘अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मला तो पाळता येत नाही. अनोळखी लेखकांच्या फाइली उघडणं हेच माझं काम आहे. त्यामुळे न उघडण्याऐवजी कशी उघडायची, हे मला शिकावं लागलं, आणि या शिक्षणाची सुरुवात फार जुनी आहे.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. घरातला पहिला संगणक विंडोज ९५ चा. त्यावर वर्ड, आणि मराठीसाठी श्रीलिपी. लेख फ्लॉपीवर येत. एका संस्थेच्या स्मरणिकेचं काम चालू होतं आणि मजकुरात चमत्कारिक चुका सापडायला लागल्या. एका परिच्छेदातला शब्द दुसऱ्याच परिच्छेदात जाऊन बसलेला. ‘अध्यक्षांनी’ हा शब्द त्याच्या वाक्यातून नाहीसा झालेला आणि खाली देणगीदारांच्या यादीत उगवलेला. मध्येच कसलाही अर्थ नसलेली अक्षरांची गिचमीड. ती काढून फाइल जतन करावी, तर दुसऱ्या दिवशी उघडल्यावर नवी चूक हजर. टंकलेखन करणाऱ्या मुलीला विचारलं तर ती कळवळून म्हणाली, “ताई, मी प्रिंट काढून दोनदा वाचलंय. माझ्याकडे हे असं नव्हतं.” तिचं म्हणणं खरं होतं.

उलगडा केला तो छापखान्यात संगणकाची कामं बघणाऱ्या तरुणाने. त्याने ती गिचमीड माउसने निवडली आणि तिचा फॉन्ट बदलून इंग्रजी केला. पडद्यावर डब्ल्यू, ए, झेड, झेड, यू अशी पाच रोमन अक्षरं उमटली. हा ‘वाझू’ व्हायरस होता. वर्डची फाइल उघडली की तो अधूनमधून एखादा शब्द उचलून भलतीकडे टाकायचा आणि कधीकधी आपलं नाव मजकुरात घुसवायचा. इंग्रजी मजकुरात हे नाव चटकन डोळ्यांत भरलं असतं. पण त्या वेळचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी चिन्हं बसवून केलेले असत. त्यामुळे व्हायरसची सही आम्हाला टंकलेखनाची चूक म्हणून दिसत राहिली, आणि एका निर्दोष मुलीवर संशय आला.

फाइलीत व्हायरस असूच कसा शकतो, हा माझा पहिला प्रश्न होता. तोवर ऐकलेले व्हायरस प्रोग्रॅममध्ये नाहीतर फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये लपत. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ त्यातलाच. तो ५ जानेवारीला संगणक अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला लावायचा. लेखाच्या फाइलीत मजकुराशिवाय काही नसतं, अशी सगळ्यांची समजूत होती. त्या तरुणाने मला मॅक्रो समजावून सांगितला. तीच ती कामं पुन्हा पुन्हा करावी लागू नयेत म्हणून वर्डमध्ये आज्ञा लिहून ठेवायची सोय असते. या आज्ञा मजकुरासोबत त्याच फाइलीत राहू शकतात, आणि फाइल उघडताक्षणी आपोआप चालतील अशीही व्यवस्था करता येते. या सोयीचा गैरवापर करणारा ‘कन्सेप्ट’ नावाचा वर्डचा व्हायरस १९९५ मध्ये जगभर पसरला आणि पुढच्या वर्षी वाझू आला. दोघेही वर्डच्या ‘नॉर्मल डॉट’ या मूळ साच्यात शिरत. त्यानंतर त्या संगणकावर हाताळलेल्या इतर फाइलीही बाधित होत. वर्ड ९७ मध्ये फाइलीत मॅक्रो असल्याची सूचना मिळण्याची सोय होती. आमच्या वर्डमध्ये तशी सूचना येत नसे.

इलाज सोपा निघाला. वर्ड बंद करून तो साचा पुसून टाकला. पुढच्या वेळी वर्डने स्वतःच नवा, कोरा साचा तयार केला. मग अँटिव्हायरसने एकेक फ्लॉपी तपासली. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभं केलेलं ‘क्विक हील’ तेव्हा आमच्याकडच्या दुकानांतून दिसू लागलं होतं, तेच वापरलं. पण खरं काम त्याच्यापुढे होतं. अँटिव्हायरसने व्हायरस काढला, हललेले शब्द मात्र जागेवर आणले नाहीत. ते त्याला आणताच येत नाहीत, कारण कुठला शब्द मुळात कुठे होता याची नोंद कुणाकडेच नसते. हस्तलिखितं समोर ठेवून संपूर्ण स्मरणिका ओळीओळीने पुन्हा वाचावी लागली. ती हस्तलिखितं लेखकांना परत गेलेली नव्हती, म्हणून हे शक्य झालं. मूळ प्रत सांभाळण्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं, ते आजतागायत.

पुढच्या वर्षी, २६ मार्च १९९९ रोजी, ‘मेलिसा’ पसरला. तो वर्डच्या फाइलीतूनच यायचा आणि संगणकावरच्या आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. म्हणजे बाधित फाइल अनोळखी माणसाकडून येत नव्हती, आपल्याच माणसाच्या नावाने येत होती. २००० च्या मे महिन्यात आलेल्या ‘आय लव्ह यू’ची फाइल तर वर्डचीही नव्हती. तिच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. त्याच्याही पुढे ‘व्हीबीएस’ ही खरी ओळख होती, ती विंडोज दाखवत नसे. नावाचं हे शेपूट लपवण्याची रीत विंडोजने आजही सोडलेली नाही.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते २०२० च्या दिवाळी अंकाने. टाळेबंदीमुळे कुणी कुणाकडे जात नव्हतं, सगळा व्यवहार ई-मेलवर चालला होता. एका दुपारी छापखान्याच्या काकांच्या नावाने मेल आला. मी त्यांना पूर्वी लिहिलेल्या पत्राला दिलेलं ते उत्तर होतं. खाली माझाच मजकूर जसाच्या तसा होता. वर इंग्रजीत एक ओळ, सोबतची फाइल पाहावी अशी, आणि एक वर्डची फाइल. काका मला कधीच इंग्रजीत लिहीत नाहीत. त्यांच्या पत्राची सुरुवात ‘ताई, स. न.’ अशी असते. मी फाइलीला हात न लावता त्यांना फोन केला. “मी तर आज काहीच पाठवलं नाही,” काका म्हणाले, आणि थोडं थांबून पुढे म्हणाले, “सकाळपासून सगळ्यांचे असेच फोन येताहेत.”

त्यांच्या हिशेबाच्या संगणकावर आदल्या दिवशी बिलाच्या नावाने एक फाइल आली होती. ती उघडल्यावर आत मजकूर नव्हता, फक्त एक चित्र होतं: हा दस्तऐवज जुन्या आवृत्तीत केलेला आहे, वाचण्यासाठी आधी ‘एनेबल एडिटिंग’ आणि मग ‘एनेबल कंटेंट’ दाबा. रोज पन्नास बिलं हाताळणाऱ्या माणसाने ती बटणं दाबली, यात त्याला काय दोष द्यायचा? दुसऱ्या बटणासरशी मॅक्रो चालला, त्याने इंटरनेटवरून खरा व्हायरस उतरवला, आणि त्या व्हायरसने मेलपेटीतली जुनी पत्रं उचलून त्यांनाच उत्तरं पाठवायला सुरुवात केली. ‘इमोटेट’ची हीच पद्धत होती. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी युरोपोलच्या मदतीने त्याची यंत्रणा ताब्यात घेतली, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा दिसू लागला.

त्या दिवशी आम्ही काय केलं, तेही सांगते, कारण घाईत क्रम चुकतो. काकांनी आधी त्या संगणकाचं इंटरनेट तोडलं. मग मेलचा पासवर्ड बदलला, तोही दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून; बाधित यंत्रावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोरीला जाऊ शकतो. बँकेचे पासवर्ड तसेच बदलले. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ असतो. त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपलेल्या व्हायरसलाही अडथळा आणता येत नाही. तो केला. काकांचं समाधान झालं नाही, म्हणून शेवटी विंडोज नव्याने टाकून घेतलं. मी माझ्याकडून अंकाच्या सगळ्या लेखकांना फोन केले. त्या कामात मेलवर विसंबणं योग्य नव्हतं.

या अनुभवानंतर घरच्या संगणकावर मी काही गोष्टी कायमच्या बसवून घेतल्या.

मुद्रितशोधकाला फाइलीत बदल करायचे असतात, म्हणून ‘एनेबल एडिटिंग’ मला दाबावं लागतं. मॅक्रो मात्र मला कधीच लागत नाही. ही दोन बटणं एकामागोमाग येतात म्हणून लोकांना ती एकच वाटतात. पहिलं मजकुरात बदल करू देतं, दुसरं फाइलीतल्या आज्ञा चालू करतं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर या वाटेने मॅक्रो सेटिंग्जमध्ये जाऊन मी सगळे मॅक्रो सूचनेशिवाय बंद करून टाकले आहेत. आता दुसरं बटण माझ्यासमोर येतच नाही. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं. पण फाइल इंटरनेटवरून आली आहे हे संगणकाला तिच्यावरच्या एका छुप्या खुणेमुळे कळतं, आणि बहुतेक पेन ड्राइव्हवर ती खूण टिकत नाही. आमचे अनेक ज्येष्ठ लेखक अजून पेन ड्राइव्हच देतात. म्हणून पेन ड्राइव्ह लावला की आधी तपासणी, मग फाइल.

फाइलींच्या नावांची शेपटं मी दिसती ठेवली आहेत. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ अशी सोय आहे. नावाच्या शेवटी ‘डॉक्स’ असेल तर त्या प्रकारच्या फाइलीत मॅक्रो ठेवता येत नाहीत. ‘डॉक्म’ असेल तर ठेवता येतात. जुन्या ‘डॉक’मध्येही असू शकतात. लेख ‘डॉक्म’मध्ये आला की मी लेखकाला फोन करून तो ‘डॉक्स’मध्ये मागवते, आजवर कुणाला त्याचा राग आलेला नाही. शेवटी ‘ईएक्सई’ किंवा ‘जेएस’ असेल तर तो लेख नव्हेच.

मॅक्रो बंद केले म्हणजे काम संपलं, असंही नाही. २०१७ मध्ये वर्डच्या समीकरणं लिहिण्याच्या जुन्या भागात एक दोष सापडला आणि २०२२ मध्ये विंडोजच्याच एका भागात, वर्डच्या फाइलीतून वापरता येणारा, ‘फोलिना’ नावाचा दुसरा. दोन्हींत मॅक्रोची गरज नव्हती. फाइल उघडणं पुरेसं होतं. असे दोष फक्त अपडेटने बुजतात. आपल्याकडे घरोघरी चोरीचं ऑफिस असतं आणि ते बंद पडू नये म्हणून दुकानदार अपडेटच बंद करून देतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. पैसे नसतील तर लिबरऑफिस विनामूल्य मिळतं, त्यात युनिकोड मराठी उत्तम चालतं आणि त्याचे अपडेट रीतसर मिळतात. नुसती वाचायचीच असेल तर फाइल ब्राउझरमध्ये गूगल डॉक्सवर उघडावी. वर्डचे मॅक्रो तिथे चालत नाहीत.

आणि मूळ प्रत. मजकुराची एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क प्रत काढून झाली की मी लगेच सोडवून कपाटात ठेवते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही सोडत नाहीत.

मोबाइलवरही आता हेच चाललं आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाचं चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर ‘एपीके’ फाइल येते. पत्रिका चित्र असेल, पीडीएफ असेल. ‘एपीके’ कधीच नसेल, ते अॅप असतं. उघडलं गेलं आणि पैसे गेले, तर क्षणही न दवडता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा.

एवढ्या वर्षांच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. लेख, बिल, पत्र, पत्रिका वाचण्यासाठी असतात. वाचू देण्याआधी जी फाइल तुमच्याकडे परवानगी मागते, अमुक बटण दाबा म्हणते, काहीतरी उतरवून घ्या म्हणते, ती बंद करा आणि पाठवणाऱ्याला फोन करा. मेल नको, फोनच. माझी एवढीच विनंती आहे, की आज घरचा संगणक लावाल तेव्हा मॅक्रो बंद करा, फाइलींची शेपटं दिसती करा आणि राहिलेले अपडेट घ्या. याला अर्धा तास पुरतो आणि पैसे लागत नाहीत. घरातल्या ज्या माणसाकडे सगळ्यात जास्त फाइली येतात, त्याच्या शेजारी बसून हे करा.